मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल : भिंतीवरील स्मृती आणि भिंतीबाहेरची माणसे

प्रस्तावना :

‘चर्चगेट’ हे नाव मुंबईत रोज लाखो लोकांच्या तोंडी असते. ज्या दरवाजावरून ते पडले तो फोर्टच्या तटाचा दरवाजा १८६० च्या दशकात तटासह पाडण्यात आला. त्या दरवाजातून ज्या चर्चकडे वाट जात असे ते सेंट थॉमस चर्च मात्र हॉर्निमन सर्कलजवळ आजही उभे आहे. या वास्तूविषयीचे बरेचसे लेखन सनावळी, शिल्पवैशिष्ट्ये आणि जीर्णोद्धाराचे कौतुक यांपुढे जात नाही. वास्तूचा वारसा जपायचा तर तिने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, या दोन्ही बाजू वाचणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन उदाहरणांचा विचार केला आहे.

वास्तूची जडणघडण :

मुंबईत इंग्रजांचे स्वतंत्र प्रार्थनास्थळ असावे ही कल्पना गव्हर्नर जेराल्ड आँजिए याची. १६७० च्या दशकात काम सुरू झाले. परंतु १६७७ मध्ये त्याचे निधन झाल्यावर ते रखडले आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. १७१५ मध्ये कंपनीचा धर्मोपदेशक रिचर्ड कॉब याने वर्गणीच्या बळावर काम पुन्हा हाती घेतले आणि १७१८ च्या नाताळात चर्च खुले झाले. १८३७ मध्ये मुंबई हा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत झाला व चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. थॉमस कार हे पहिले बिशप होते. १९७० पासून हे कॅथीड्रल चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे अंग आहे. म्हणजेच, राज्यकर्त्यांचे चर्च म्हणून जन्मलेली ही वास्तू आज भारतीय ख्रिस्ती समाजाची उपासनाभूमी आहे. तिच्या वारशाचा विचार करताना हे स्थित्यंतर विसरता येत नाही.

संगमरवरातील इतिहास :

आतील भिंतींवर प्रामुख्याने कंपनीचे अधिकारी, सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांची स्मारके आहेत. त्यांत गव्हर्नर जोनाथन डंकन (मृत्यू १८११) याचे स्मारक विशेष लक्षणीय आहे. काशी व काठियावाड येथील बालहत्या बंद केल्याचे श्रेय त्यावर डंकनला दिलेले आहे. डंकनचे प्रयत्न खरे होते. त्याच्या कारकिर्दीत काठियावाडच्या जाडेजा प्रमुखांकडून करारही लिहून घेण्यात आले. परंतु ही प्रथा करारांनी संपली नाही. स्त्री-बालहत्या रोखण्यासाठी सरकारला १८७० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. स्मारकलेखाने प्रयत्नालाच सिद्धी मानले, असे म्हणणे भाग आहे. दिवंगताचा गौरव हा स्मारकाचा धर्मच असल्याने शिल्पकाराला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो या लेखाला इतिहासाचा पुरावा मानणाऱ्या वाचकाचा.

उद्घाटनाचा एक साक्षीदार :

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कॉबने १७६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, उद्घाटनाच्या दिवशी रामा कामती आपल्या ज्ञातिबांधवांसह उपस्थित होता आणि उपासना संपेपर्यंत ही मंडळी थांबून राहिली. रामा कामती हा मुंबईतील मातब्बर शेणवी गृहस्थ. वाळकेश्वराच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराशीही त्याचे नाव जोडले जाते. दोन वर्षांच्या आतच, १७२० मध्ये, गव्हर्नर चार्ल्स बून याच्या राजवटीत कान्होजी आंग्रे यांच्याशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला झाला, मालमत्ता जप्त झाली आणि अखेर तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. ज्या पत्रांच्या आधारे त्याला दोषी ठरवले ती बनावट होती, असे इतिहासकारांनी पुढे दाखवून दिले.

ज्या राजवटीच्या सोहळ्याला तो मानाने आला, त्याच राजवटीने त्याला देशोधडीस लावले. वास्तूच्या पहिल्या दिवसाची हकिगत त्याच्यावाचून अपुरी आहे. तरीही चर्चविषयीच्या लोकप्रिय लेखनात तो क्वचितच भेटतो. त्या दिवशीची गर्दी ‘स्थानिकांचे कुतूहल’ या दोन शब्दांत आटोपली जाते.

निष्कर्ष :

या कॅथीड्रलच्या जीर्णोद्धाराला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. दगड वाचला, आता अर्थ वाचवण्याची जबाबदारी अभ्यासकांची आहे. एकही स्मारक हलवण्याची गरज नाही. डंकनच्या लेखाशेजारी १८७० चा कायदा आणि १७१८ च्या नाताळाशेजारी १७२० चा खटला ठेवून वाचण्याची सवय लागली तरी पुरे. आपल्या महाविद्यालयांच्या इतिहास-सहली या वास्तूत जातात तेव्हा विद्यार्थ्यांना खांब मोजायला न लावता भिंतीवर कोणाची नावे नाहीत, हे विचारावे. वारशाचे शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू होते.