मळीचे खाद्य नेमके कोणासाठी?

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा बाळगणे कायदेशीर झाले आणि बहुतेक प्रांतांत घरी चार रोपे लावण्याचीही मुभा मिळाली. अशी लागवड करणाऱ्यांत एक समजूत फार रूढ आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत पाण्यातून मळी, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा चिकट पाक, दिली की रोपाला आयती साखर मिळते आणि फुले वजनदार व गोड होतात, असे ते मानतात. आपल्या देशात १९८५ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे. आम्ही येथे तपासणार आहोत तो या समजुतीमागचा युक्तिवाद. कारण तो कोणत्याही पिकाला लावता येतो.

वनस्पती साखर पानांत तयार करते. ती रसवाहिन्यांतून फुलांकडे जाते, मुळांकडेही जाते. म्हणजे मूळ हे साखर घेणारे गिऱ्हाईक आहे, पुरवठादार नव्हे. ऊतिसंवर्धनात लिटरभर माध्यमात साधारण ३० ग्रॅम साखर घालतात हे खरे. पण तेथे बाटली निर्जंतुक असते आणि ऊतीला स्वतःची पुरेशी साखर करता येत नसते. कुंडीत मुळाशेजारी कोट्यवधी जिवाणू टपलेले असतात. साखर बहुतांशी त्यांच्याच वाट्याला जाते. राहिला वास, तो ग्रंथियुक्त केसांतील टर्पिनांचा, मळीचा नव्हे.

मग काहींना फरक दिसतो तो कशाने? मळीत सुमारे निम्मी साखर असते, पण पालाशही भरपूर असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम असतात. मातीत पालाश कमी असेल तर रोप सुधारेल. श्रेय मात्र साखरेला मिळेल! उलट बाजूही आहे. मळीत कार्बन खूप, नत्र थोडे. वाढणारे जिवाणू मातीतले नत्र उचलतात आणि रोप काही काळ उपाशी राहते. अमेरिकेत २००४ मध्ये सेंद्रिय शेतीविषयक तज्ज्ञगटाने कंपोस्टच्या अर्कात मळी घालण्याबद्दल सावध केले होते; कारण त्यात रोगकारक जिवाणूही वाढू शकतात.

या समजुतीचा मुख्य दोष असा, की तुलना फक्त 'मळी दिलेले' आणि 'न दिलेले' अशा दोन रोपांत होते. शिक्षकांनी वर्गात मेथीवर चार गट करून पाहावेत. प्रत्येक गटात निदान पाच कुंड्या, माती एकच. पहिल्या गटाला नुसते पाणी, दुसऱ्याला लिटरमागे चमचाभर मळी, तिसऱ्याला अर्धा चमचा साखर, चौथ्याला चिमूटभर पोटॅशियम सल्फेट. मळी न मिळाल्यास काकवी चालेल; मात्र तिच्यात साखर जास्त, क्षार कमी असतात. महिन्याने रोपे वाळवून वजन करावे. साखरेचा गट मागे पडला आणि पालाशाचा मळीच्या बरोबरीला आला, तर निकाल स्पष्ट आहे.

आपल्याकडे जीवामृतात गूळ घालतात तो जिवाणूंचे खाद्य म्हणून, आणि तसे सांगूनच. त्याने पीक किती वाढते हा प्रश्न वेगळा, पण तेथे निदान जेवणारा कोण याबद्दल घोटाळा नाही. खत कोणतेही असो, विद्यार्थ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: हे खाणार कोण?