'स्टॉकर'मधला वाटाड्या कुठे गेला?

रॉबर्ट रिच आणि लस्टमॉर्ड यांनी १९९५ साली मिळून काढलेली 'स्टॉकर' ही ध्वनिमुद्रिका तारकोव्हस्कीच्या १९७९ च्या त्याच नावाच्या चित्रपटावरून सुचलेली आहे. गाणे नाही; खोल, संथ घुमारा, इतका की खोलीच्या भिंती दूर सरल्यासारख्या वाटतात. कसब खरेच मोठे!

मला खटकते ते वेगळेच. चित्रपटातला स्टॉकर तुरुंग भोगून आलेला गरीब वाटाड्या. बंदी घातलेल्या मुलखात इतरांना नेऊन तो पोट भरतो. घरी चालू न शकणारी मुलगी, कातावलेली बायको. मुद्रिकेत तो मुलूख आला, भय आले; वाटाड्या आलाच नाही. वेष्टनावर नाव मात्र त्याचेच.

शब्दांविना दारिद्र्य कसे ऐकवणार, असे रसिक विचारतील. चित्रपटात आगगाडीच्या धडधडीने घरातला पेला थरथरतो, एवढ्यानेच ते घर कळते. तो आवाज या दोघांना सहज काढता आला असता.