मेघदूतातील अवधी

मेघदूताइतकी मराठी भाषांतरे फारच थोड्या संस्कृत काव्यांच्या वाट्याला आली असतील. मध्यप्रांत-वऱ्हाडात सनदी नोकरी केलेले चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके, अशा भिन्न प्रकृतीच्या लेखकांना ह्या काव्याने ओढून घेतले. रामगिरी कोणता, ह्यावरही आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. म. म. वा. वि. मिराशी ह्यांनी रामटेकचा पक्ष मांडला. इकडे छत्तीसगडात सरगुज्यातील रामगढाचा पक्ष घेणारेही आहेत. स्थळाच्या मानाने काव्यातील काळाचा विचार मात्र कमी झाला, असे वाटते. यक्षाच्या विरहाला अवधी आहे आणि त्या अवधीवरच सारे काव्य उभे आहे, ही गोष्ट २०२० नंतर विशेष जाणवते.

यक्ष हा कुबेराचा सेवक. कामात कसूर झाली म्हणून त्याला वर्षभराची हद्दपारी मिळाली. आषाढात मेघ दिसतो तेव्हा चार महिने उरले आहेत. शेषशायी विष्णू जागा होईल त्या दिवशी शाप संपावयाचा आहे. तिकडे अलकेत यक्षपत्नी उंबरठ्यावर फुले मांडून उरलेले महिने मोजते. हे मोजणे म्हणजे नुसते अलंकरण नव्हे. संख्या ठरलेली आहे, म्हणूनच फुले मांडता येतात आणि शरदाच्या चांदण्यातील मीलनाचे बेत करता येतात. करुण निरपेक्ष आणि विप्रलंभ सापेक्ष, असा भेद भरताने केला आहे. येथे ती अपेक्षा अवधीच्या आधाराने जिवंत राहते.

आता करोनाकाळातील ताटातूट पाहावी. भारत सरकारने मार्च २०२० मध्ये बहुतेक व्हिसे १५ एप्रिलपर्यंत स्थगित केले आणि २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने एका आठवड्यापुरती थांबविली. त्या आठवड्याला मुदतवाढ मिळत गेली. नियमित सेवा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ रोजी. मध्यंतरी वंदे भारतची उड्डाणे निघाली, काही देशांशी खास करारही झाले. पण विमान होते तेथे व्हिसा नसे. अमेरिकेने जून २०२० मध्ये एच-वन-बी आणि जोडीदारांच्या एच-फोर व्हिशांवरील नवा प्रवेश डिसेंबरअखेरपर्यंत रोखला व पुढे ती मुदत मार्च २०२१ अखेरपर्यंत वाढविली. मे २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्यांवर जे निर्बंध आले त्यांना अखेरची तारीखच नव्हती; ते नोव्हेंबरात उठले. नागरिकांच्या व कायम रहिवाशांच्या जोडीदारांना त्यांतून सूट होती. नोकरीच्या व्हिशावर राहणाऱ्यांच्या जोडीदारांना ती नव्हती. व्हिशाच्या शिक्क्यासाठी मायदेशी आलेले एक माणूस इकडे आणि दुसरे तिकडे, अशी कितीतरी मराठी जोडपी ह्या तारखांत अडकली.

यक्षाजवळ अवधी होता, दूत नव्हता. म्हणून त्याने धूर, पाणी व वारा यांच्या गोळ्याला दूत केले. ह्या जोडप्यांजवळ दूत होता, अवधी नव्हता. पडद्यावर रोज चेहरा दिसे, आवाज ऐकू येई. फक्त कोणत्या महिन्यापर्यंत फुले मांडावयाची ते कोणी सांगू शकत नव्हते. ऊर्मिलेलाही चौदा वर्षे ही संख्या तरी होती. शिवाय यक्षाच्या हातून कसूर घडली होती; ह्यांच्या हातून काहीच घडले नव्हते.

सरकारी कचेरीत टिपणे लिहिणाऱ्या प्रस्तुत लेखकास 'पुढील आदेश होईपर्यंत' हे शब्द परिचयाचे आहेत. ते लिहिणाऱ्याला निष्ठुर म्हणणे सोपे आहे. साथ केव्हा ओसरेल हे कोणासच ठाऊक नव्हते. खरी तारीख कोण लिहिणार? परंतु कुबेराच्या शापात नसलेली एक यातना ह्या शब्दांत आहे. मुदत जवळ येते, तिकीट काढले जाते आणि मुदत पुढे सरकते. मोजून पूर्ण झालेली फुले पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागतात.

म्हणून मेघाच्या जागी मोबाइल बसविला की नवे मेघदूत सिद्ध झाले, असे मानणे रसदृष्ट्या चुकीचे आहे. त्याने दूत बदलतो, विरहाची जात तशीच राहते. ह्या अनुभवावर मराठीत लिहू पाहणाऱ्याने मेघाचा मोह सोडून आधी अलकेच्या उंबरठ्याकडे पाहावे. तेथील स्त्रीला किती फुले हवीत हेच ठाऊक नसेल, तर ती सकाळी उठून काय करील, ह्याचे उत्तर कालिदासाच्या काव्यात सापडणार नाही. ते ज्याचे त्यालाच शोधावे लागेल.