सीकडे कोणी फिरकलं नाही

समीक्षकाने कलाकृतीकडे कुठल्या कोनातून पाहावं, याबद्दल जाणकारांत पूर्वापार मतभेद आहेत. कोणी म्हणतं तटस्थपणे पाहावं, कोणी म्हणतं समरस होऊन पाहावं. आज मी जिचं परीक्षण करायला बसलो आहे ती कृती मात्र मी गेली तीन वर्षं एकाच कोनातून पाहत आलो आहे : एका खोक्याच्या आडून, भिंतीला पाठ टेकून, समोरच्या दाराकडे डोळे लावून. तेव्हा तिच्या इतर सौंदर्यस्थळांबद्दल माझं मत कोणी विचारू नये. दाराबद्दल विचारावं.

कृतीचं नाव ‘व्हॅलोरंट’. नाटक नव्हे, कादंबरी नव्हे. कॉम्प्युटरवरचा बंदुकांचा खेळ आहे. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने तो २ जून २०२० रोजी, म्हणजे सगळं जग दाराला आतून कडी घालून बसलं होतं तेव्हा, लोकांपुढे आणला. खेळायला पैसे पडत नाहीत, हा त्याचा पहिला गुण. परीक्षणात गुण आधी सांगायचे असतात म्हणून सांगून टाकला.

ज्यांच्या घरात अजून कोणी हा खेळत नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. पाचजणांविरुद्ध पाचजण. एका संघाने ‘स्पाइक’ नावाचं स्फोटक आणून ठरलेल्या जागांपैकी एका जागी ठेवायचं आणि दुसऱ्याने ते ठेवू द्यायचं नाही. ठेवलंच, तर ४५ सेकंदांत स्फोट. निकामी करायला ७ सेकंद लागतात. स्फोटक ठेवायला १०० सेकंदांची मुदत. बारा फेऱ्या झाल्या की बाजू बदलायच्या आणि १३ फेऱ्या आधी जिंकेल त्याचा सामना. स्फोटक ठेवण्याच्या जागांना ए आणि बी म्हणतात, क्वचित एखाद्या नकाशात सीसुद्धा असते. आमच्या शाळेत तुकड्यांना अशीच नावं होती. सी तुकडीकडे तिथेही कोणाचं लक्ष नसे.

खेळणाऱ्यांचे चार वर्ण आहेत. पुढे घुसून मारामारी करणारे ते ड्युएलिस्ट. त्यांना वाट करून देणारे इनिशिएटर. धुराचे पडदे उभे करणारे कंट्रोलर. आणि मागे राहून राखण करणारे सेंटिनल. लग्नाच्या भाषेत सांगायचं तर पहिला नवरदेव, दुसरा वरातीपुढचा बँड, तिसरे होमापाशी धूर करणारे गुरुजी आणि चौथा नवरदेवाचे बूट सांभाळणारा. मी बूट सांभाळतो.

या वर्णात माझा जन्म भाच्यामुळे झाला. त्याच्या टोळक्यात चौघं होते, पाचवा हवा होता. “मामा, तू सेंटिनल घे,” तो म्हणाला, “तुला फार धावायला लागणार नाही.” पोरगा बोलला त्याहून खोल बोलून गेला. मी रात्री निजण्यापूर्वी तीनदा गॅस बघतो. गावाला निघताना कुलूप ओढून बघतो, दोन जिने उतरतो आणि परत वर जाऊन ओढून बघतो. पन्नास वर्षं ज्या स्वभावाची घरात चेष्टा झाली, त्याच स्वभावाची इथे रीतसर जागा भरायची होती! मी अर्ज केला नाही. नेमणुकीचं पत्रच हातात पडलं.

सेंटिनलांतही निवड असते. सेज नावाची एक बाई जखमा बऱ्या करते आणि वाटेत भिंत उभी करते. सायफर हा मोरोक्कोचा गृहस्थ दारादारांत तारा बांधतो. त्या तारेत शत्रूचा पाय अडकला की याला कळतं. मी घेतो ती जर्मनीची चष्मेवाली इंजिनिअर, ऑगस्ट २०२० मध्ये खेळात दाखल झालेली. तिचं नाव किलजॉय. शुद्ध मराठीत, आनंदावर विरजण घालणारी. नाव वाचलं आणि आपल्याच घरातलं कोणीतरी भेटल्यासारखं झालं.

किलजॉयकडे आपोआप गोळ्या झाडणारी एक छोटी तोफ असते, ‘टरेट’. एक अलार्मबॉट असतो. तो लपून बसतो आणि शत्रू जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जातो. शिवाय जमिनीवर आधीच पेरून ठेवायचे आणि हवे तेव्हा फोडायचे दोन गोळे. फेरीच्या आधी ३० सेकंद मिळतात, त्यात हा सगळा संसार मांडायचा. गौरीपुढची आरास मांडताना आमच्या घरी जितका वाद होतो तितका मी इथे एकटा स्वतःशीच घालतो : तोफ दाराकडे की कोपऱ्याकडे? आणि एक मेख अशी की, किलजॉय ४० मीटरपेक्षा लांब गेली तर तोफ आणि बॉट दोन्ही बंद पडतात. म्हणजे खेळ रचणाऱ्यांनी राखणदाराला चक्क दाव्याने बांधलं आहे. चारा तेवढ्याच वर्तुळात.

आता खरी समीक्षा. ‘हेवन’ नावाचा एक नकाशा आहे. देखावा भूतानमधल्या मठाचा. तिथे ए, बी आणि सी अशा तीन जागा. राखणारे पाच. कसाही भागाकार करा, कुठेतरी एकच माणूस उरतो. तो सीवर असतो आणि तो मी असतो.

हे एकटं थांबणं या खेळाने असं काही रचलं आहे की, त्याला दाद दिल्यावाचून राहवत नाही. शंभर सेकंद म्हणजे किती, हे ज्याने सीवर बसून मोजलं नाही त्याला कळायचं नाही. कानात फक्त आवाज. धावणाऱ्याची पावलं वाजतात, चालणाऱ्याची वाजत नाहीत. म्हणून शांतता ऐकू आली की अधिक भीती वाटते. पलीकडे एवर गोळीबार सुरू होतो. चौघंही तिकडे. जावं का? गेलो आणि ते इकडे वळले तर? न गेलो आणि तिकडची माणसं पडली तर? दुसऱ्या कुठल्याही बंदुकीच्या खेळात न झाडलेल्या गोळीला एवढं नाट्य मी पाहिलेलं नाही. एखाद्या फेरीत अलार्मबॉट दचकून ओरडतो, तोफ दोन गोळ्या झाडते, पलीकडून पाचजणांची पावलं एकदम थबकतात... आणि मागे वळून निघून जातात. मी भाच्याला सांगतो, “सीवरून वळले, एकडे येतायत.” तोवर चौघं एवर दबा धरून तयार. धुमश्चक्री होते, फेरी आपली.

आक्रमणाची पाळी आली तरी माझी दिशा बदलत नाही. चौघं पुढे तोंड करून निघतात, मी मागे तोंड करून. मागून कोणी येऊ नये म्हणून पाठ राखायची. पूर्वी नव्या नवरीबरोबर सासरी एक पाठराखीण जात असे. सगळ्यांचे डोळे नवरीवर. पाठराखीण काय नेसली होती हे कोणाला आठवत नसे. पण ती नसती तर काय झालं असतं, हे नवरीला विचारा.

इथपर्यंत रचनाकारांना दहापैकी नऊ गुण. पण सामना संपतो आणि गुणफलक येतो.

गुणफलकावर नावं लागतात ती ‘कॉम्बॅट स्कोअर’च्या क्रमाने. शत्रूला किती इजा केली, किती मारले, एका दमात किती मारले, यांची ती बेरीज. मदतीचंही थोडंफार खातं आहे. एकट्याने पाची मारले की ‘एस’ म्हणून घोषणा होते. शेवटी एकटा उरून फेरी जिंकली की ‘क्लच’. आपला एकही न मरता फेरी मारली की ‘फ्लॉलेस’. “सीकडे कोणी फिरकलं नाही” अशी घोषणा मात्र नाही. पाचही शत्रूंना ज्याने एकट्याच्या धाकाने वाट बदलायला लावली, त्याच्या नावापुढे त्या फेरीत शून्य. एवर उभं राहून त्यांना टिपणारा यादीत पहिला, ते एवर येतायत हे सांगणारा शेवटचा.

पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. फेरी जिंकली की पाचीजणांना ३००० ‘क्रेड्स’, सगळ्यांना सारखे. हा झाला पगार. शिवाय दर मुडद्यामागे मारणाऱ्याला २००; हे झालं कमिशन. जन्मभर पगारावर जगलेल्या माणसाने सेंटिनलच व्हावं ही विधिलिखित गोष्ट दिसते. तक्रार पगाराची नाही. तक्रार ही की, गुणवत्ता यादी कमिशनवर लागते.

भाच्याचं म्हणणं, “मामा, जे झालंच नाही ते मोजणार कसं?”

प्रश्न बिनतोड वाटतो, आणि बहुतेक खेळ इथेच हात टेकतात. ‘ओव्हरवॉच’ हा असाच एक सांघिक खेळ २०१६ साली आला. त्यात सामन्याच्या शेवटी काही खेळाडूंची कार्डं दाखवत. कोणी किती जखमा भरल्या, कोणी किती मारा अंगावर अडवला ते त्यावर लिहिलेलं असे, आणि दोन्ही बाजूंचे लोक मत देऊन शाबासकी देत. २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली तेव्हा कार्डं गेली आणि आकड्यांचा फलक आला. पण तिथेही मोजलं जात होतं ते घडलेलंच : भरलेली जखम, अडवलेली गोळी. डॉक्टरचा हिशेब लागतो. वॉचमनचा कसा लावणार?

लावता येतो! आपल्याकडे लावलेला आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध एका डावात ३२ षटकं टाकली. त्यातली २७ निर्धाव, धावा पाच, बळी एकही नाही. त्यात लागोपाठ २१ षटकं निर्धाव. बळींच्या क्रमाने यादी लावली असती तर बापू तळाला गेले असते आणि आज त्यांचा तो डाव कोणाला माहीत नसता. पण क्रिकेटच्या धावफलकावर कुणा शहाण्याने फार पूर्वीच एक रकाना आखून ठेवला होता. ‘या षटकात काहीही घडलं नाही’ याचा रकाना! बापूंची गोलंदाजी त्या रकान्यात जिवंत राहिली. काही न घडणं हे कोणीतरी घडवून आणलेलं असतं, हे ज्या खेळाला कळलं तो शहाणा खेळ.

हा रकाना घरातही नसतो. आमच्या कुटुंबात लग्न निघालं की एक प्रश्न हमखास यायचा : घर राखायला कोण? उत्तर ठरलेलं होतं. थोरली आत्या. पंगती, वरात, मानपान सगळं तिकडे कार्यालयात, आणि आत्या इकडे पंधरा बिऱ्हाडांच्या सामानाची राखण करत ओटीवर बसलेली. रात्री मंडळी परत आली की सगळ्यांना सगळं जिथल्या तिथे सापडे, म्हणून कोणी काही बोलत नसे. आमच्याकडे चार लग्नांचे अल्बम आहेत. आत्याचा फोटो एकातही नाही. चोरी झाली असती तर तिचं नाव निघालं असतं, एवढं मात्र खरं.

यावर “खेळच तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं” असं कोणी म्हणेल. पण यादी पोरांना शिकवत असते. ती जे वर लावते तेच व्हावंसं पोरांना वाटतं. मी नसतो तेव्हा भाच्याच्या संघात पाच नवरदेव असतात. निवडीचा पडदा उघडतो न उघडतो तोच पाचीजण ड्युएलिस्टवर झडप घालतात आणि पाचही जण पुढच्या दाराने मोठ्या शौर्याने बाहेर पडतात. शत्रू मागच्या दाराने येतो. मग प्रत्येकजण दुसऱ्याला विचारतो, “अरे, मागे कोण होतं?” मागे कोणी नव्हतं. मागे राहण्याचे गुण नव्हते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. यंत्राला कोण कुठे उभं होतं, कोण कुठवर येऊन परतलं, सगळं ठाऊक असतं. एक रकाना वाढवावा : ‘निर्धाव’. राखणदार एकटा उभा असताना शत्रू जिथे आलाच नाही किंवा दारातून माघारी गेला, अशा फेऱ्यांची संख्या तिथे लिहावी. हा रकाना फुगवायला लोक नुसते कोपऱ्यात बसून राहतील अशी शंका भाच्याने काढली. बसोत की! नवरदेव थोडे कमी होतील. तेही नको असेल तर यादी निदान अकारविल्हे लावावी. खेळातलं माझं नाव ‘अडसर’ आहे, हा निव्वळ योगायोग.

तोपर्यंत दाद मिळते ती अनपेक्षित ठिकाणाहून. परवा हेवनवर पहिल्या अर्ध्यात आम्ही राखण करत होतो. दोन फेऱ्यांत ते सीवर आले; गोळे फुटले, तोफ बोलली, दोघं पडले, बाकीचे पळाले. पुढच्या दहा फेऱ्यांत मी एकही माणूस पाहिला नाही. सामना आम्ही १३–८ असा जिंकला. आमच्या पाचांत मी पाचवा. भाच्याचे मित्र पहिल्या नंबरच्या पोराचं कौतुक करण्यात गुंतले होते, आणि ते रास्तच होतं. पोरगं झकास खेळलं होतं. तेवढ्यात शत्रूपक्षातल्या कोणा अनोळख्याने, पडदा मिटायच्या आत, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : “सीवर कोण होता भाऊ? आम्ही परत तिकडे जायचंच नाही ठरवलं.”

भाच्याने ते मोठ्याने वाचलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मामा, पुढच्या सामन्यालाही तूच सेंटिनल.”

“पण मी शेवटचा आलोय,” मी म्हटलं.

“असू दे,” तो म्हणाला, “सी कोण बघणार मग?”

परीक्षणाचा निष्कर्ष : खेळ उत्तम आहे, फलक सदोष आहे. राखणारा मिळाला तर अवश्य खेळावा.