दिलेला शब्द आणि घेतलेला शब्द

राजकारणी व्यक्तीचे आत्मकथन हाती घेताना आम्ही फारशी अपेक्षा ठेवीत नाही. स्वसमर्थन हा त्या लेखनप्रकाराचा स्थायीभाव होय. ऑस्ट्रेलियाच्या माजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांचे ‘माय स्टोरी’ (२०१४) त्याला अपवाद नाही. तथापि त्यातील एका कबुलीसाठी भाषेच्या अभ्यासकानेही ते वाचावे. आपल्या हवामानविषयक कायद्याला चिकटलेले ‘कर’ हे नाव आपण विरोध न करता स्वीकारले, ही चूक झाली, असे त्या मान्य करतात.

१ जुलै २०१२ पासून त्या देशातील मोठ्या प्रदूषकांना कार्बनच्या प्रत्येक टनामागे २३ डॉलर मोजावे लागले. हे मूल्य आरंभीची तीन वर्षे ठरीव राहून पुढे बाजारावर सोपवायचे होते. सरासरी कुटुंबाचा खर्च आठवड्याला ९.९० डॉलरने वाढेल आणि साहाय्य १०.१० डॉलरचे मिळेल, असा सरकारी अंदाज होता. विरोधी नेते टोनी अ‍ॅबट यांनी या हिशेबापेक्षा ‘कर’ या शब्दावरच सारी भिस्त ठेवली. व्हायअ‍ॅला ही पोलादनगरी नकाशावरून पुसली जाईल, असे भाकीतही त्यांनी केले. १७ जुलै २०१४ रोजी कायदा रद्द झाला. व्हायअ‍ॅलाचा पोलाद उद्योग प्रशासकाच्या हाती गेला तो त्यानंतर, २०१६ मध्ये. २०१७ मध्ये तर अ‍ॅबट यांच्या माजी कार्यालयप्रमुख पेटा क्रेडलिन यांनीच तो कर नव्हता, असे जाहीरपणे सांगितले.

मग गिलार्ड यांची कबुली पुरेशी मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. कार्बन कर आणणार नाही, असे आश्वासन त्यांनी २०१०च्या निवडणुकीपूर्वी दिले होते. ‘कर’ हा शब्द अभिधेने चुकीचा असला, तरी व्यंजनेने तो ‘वचनभंग’ असे सांगत होता, आणि मतदाराने ती व्यंजनाच ऐकली. घेतलेल्या शब्दापेक्षा दिलेला शब्द अधिक महाग पडला.

याच जुलै २०१४ मध्ये आपल्या देशात कोळशावरील उपकर टनामागे ५० रुपयांवरून १०० झाला. २०१६ पर्यंत तो ४०० वर पोहोचला. त्यावर एकही सार्वत्रिक निवडणूक लढली गेली नाही. नाव होते ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’. त्याला विरोध कोण करणार? परंतु २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा त्या उपकराची जागा राज्यांच्या नुकसानभरपाईच्या उपकराने घेतली. कोळशाच्या टनामागचे ४०० रुपये कायम राहिले, ‘स्वच्छ ऊर्जा’ मात्र नावातून आणि हेतूतूनही गेली. राज्य शासनाच्या सेवेत हयात घालविलेल्या आम्हांस याचे नवल वाटले नाही. खंत मात्र वाटली.

तेथे अप्रिय नावाने एक विचारपूर्वक केलेला कायदा बुडाला. येथे प्रिय नावाखाली उद्देश बदलला, तरी फारशी चर्चा झाली नाही. पृथ्वीचे तापमान रोखण्यास खर्च येणारच. तो किती, कोणाच्या खिशातून आणि कशासाठी, हे मत मागण्यापूर्वी सरळ भाषेत सांगणे हा राज्यकर्त्याचा धर्म आहे. त्या भाषेची पारख करणे हे मात्र आपल्यासारख्या वाचकांचेच काम आहे.