स्पंजाची उपमा किती ताणायची?

अवघड गोष्ट समजावताना आपण उपमा वापरतो. पण कधी कधी विद्यार्थ्याच्या लक्षात उपमाच राहते आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. अन्ननलिकेच्या कर्करोगावरील संशोधन वाचतानाही याची आठवण होते.

आर.एन.ए. म्हणजे दोन मोकळी टोके असलेला धागा, असे आपण शिकवतो. काही आर.एन.ए.ची टोके मात्र एकमेकांना जोडलेली असतात. आर.एन.ए. कुरतडणारी अनेक विकरे टोकापासून सुरुवात करतात. टोकच नसल्यामुळे अशी कडी पेशीत जास्त टिकते. २०१३ साली सीआयआरएस-७ नावाच्या कडीवर मिर-७ या चिमुकल्या आर.एन.ए.ला धरून ठेवणाऱ्या सत्तरहून अधिक जागा दाखवून देण्यात आल्या. मिर-७ काही प्रथिनांच्या निर्मितीला लगाम घालतो. स्पंज पाणी शोषतो तशी ही कडी मिर-७ला शोषून घेते, असे म्हटले जाऊ लागले.

२०१८ साली अन्ननलिकेच्या अस्तरातील चपट्या पेशींच्या कर्करोगावर एक शोधनिबंध आला. गाठीच्या ऊतीत ही कडी निरोगी ऊतीपेक्षा जास्त आढळली. ती मिर-७ला अडकवते, लगाम सुटून एचओएक्सबी-१३ हे प्रथिन वाढते आणि गाठ फोफावते, अशी त्यातली मांडणी. पेशींवरचे व उंदरांवरचे प्रयोगही तिच्या बाजूचे होते.

मांडणी सुबक आहे, पण दोन शंका उरतात. ऊतीचा तुकडा वाटून मोजमाप केले, तर त्यात कर्कपेशींबरोबर रक्तवाहिन्या आणि आधारपेशीही येतात. २०२० साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ही कडी नेमकी कोठे असते हे पाहिले गेले. ती कर्कपेशींत नव्हती, भोवतालच्या आधारपेशींत होती! दुसरी शंका स्पंजाबद्दलच. २०१७ साली ही कडी नसलेले उंदीर तयार केले गेले. स्पंज काढल्यावर मिर-७ मोकळा होऊन त्याचा प्रभाव वाढायला हवा होता. प्रत्यक्षात मेंदूतला मिर-७ कमी झाला. म्हणजे तेथे कडी त्याला शोषत नव्हती, सांभाळत होती असे दिसते.

मेंदू किंवा आतडे म्हणजे अन्ननलिका नव्हे. त्यामुळे २०१८चा निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र तो गृहीत धरून पुढे जाता येत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. हा कर्करोग बहुधा घास अडकू लागल्यावर, म्हणजे उशिराच कळतो. तो लवकर ओळखण्यासाठी टिकाऊ कडीचा उपयोग झाला तर उत्तमच. खूण म्हणून ती कोणत्या पेशीतून आली याने फारसे बिघडत नाही. पण तिच्यावर औषध शोधायचे असेल, तर ती खूण आहे की कारण, हे आधी ठरायला हवे.

विद्यार्थ्यांना विचारून पाहा: गाठीत सापडले, म्हणजे गाठीच्या पेशींनीच केले का?