पात्रोक्लस आणि मित्रा

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव प्राचीन काळीं ‘तगर’ या नांवानें प्रसिद्ध होतें, व तेथील कापड भडोचच्या बंदराकडे जात असे, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत आहे. ज्यांच्याशीं आपल्या पूर्वजांनीं व्यापार केला, त्यांच्या कथा परक्या मानण्याचें आपणांस कारण नाहीं. म्हणून मॅडलिन मिलर या अमेरिकन लेखिकेच्या ‘द साँग ऑफ अकिलीज’ (२०११) या कादंबरीचा येथें विचार करीत आहों.

‘इलियड’मधील अकिलीज व त्याचा सखा पात्रोक्लस यांचें नातें लेखिकेनें उघडपणें प्रणयाचें म्हणून रंगविलें आहे. ही आधुनिकांची मनमानी होय, असें कांहीं वाचकांस वाटेल. होमरनें या नात्यास नांव दिलें नाहीं हें खरें. परंतु इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत एस्किलसनें आपल्या नाटकांत या दोघांस प्रेमी म्हणूनच दाखविलें. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्यें वाद आहे तो दोघांपैकीं प्रियकर कोणता, एवढ्यापुरताच.

कादंबरीचा शेवट खरोखर उत्तम साधला आहे. समाधीवर नांव न कोरल्यामुळें पात्रोक्लसच्या आत्म्यास विसांवा मिळत नाहीं, ही कल्पना मनास चटका लावते. आमचा आक्षेप निराळा आहे. होमरचा पात्रोक्लस जखमी युरिपिलसची शुश्रूषा करतो, तसाच रणांत कत्तलही करतो. आणि दोघांच्याही शय्येवर युद्धांत जिंकलेल्या स्त्रिया आहेत. मिलरचा पात्रोक्लस अखेरच्या दिवसापर्यंत शस्त्रास विटलेला वैद्य आहे, आणि बंदी स्त्रियांना केवळ रक्षणासाठीं छावणींत आणलें जातें. जणू निष्पाप माणसाचेंच प्रेम सहानुभूतीस पात्र! ‘मृत्युंजय’मध्यें शिवाजी सावंतांनीं कर्णावर अशीच माया पांघरली, त्याच वर्षीं, १९६७ सालीं, प्रसिद्ध झालेल्या ‘युगान्त’मध्यें इरावतीबाई कर्वे यांनीं ती कोणावरही पांघरली नाहीं.

मराठींत या विषयावर धीटपणें लिहिलेली कृति म्हणजे विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ (१९८१). मित्रा नमावर प्रेम करते. ती हट्टी आहे, मत्सरी आहे, प्रसंगीं निष्ठुरही आहे. तेंडुलकर तिचा एकही दोष झांकीत नाहींत, तरी तिच्या आत्मघातानें प्रेक्षक हळहळतो. तिची कथा सांगणारा बापू पात्रोक्लसप्रमाणें प्रियजन नव्हे. तो बाहेर राहिलेला मित्र आहे. पण मित्रापाशीं नाहीं असें कांहीं पात्रोक्लसपाशीं आहे: दोघांच्या अस्थि एका कलशांत ठेव, असें अकिलीजला विनविणारा होमर त्याच्या पाठीशीं उभा आहे. मित्राला असा पूर्वज आठवत नाहीं.

२०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा प्रेमावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. परंतु कायदा शिक्षा टाळूं शकतो, घरांत जागा देऊं शकत नाहीं. आपल्याच घरांतील एखादा मुलगा वा मुलगी गुपचुप हीं पुस्तकें वाचीत असेल, तर मान्यतेसाठीं आधीं निर्दोष व्हावें लागतें, हा धडा त्यांना मिळूं नये. मिलर अवश्य वाचावी. शेजारीं तेंडुलकरही असावेत. आणि महाभारतांत अशा प्रेमाचा शोध घेण्यास उद्यां कोणी मराठी लेखक निघाला, तर त्यानें वाट तेंडुलकरांची धरावी.